मणका ढिला झालाय म्हणे!

अगं, कंबर दुखते म्हणून कुरकुरलीस तर मी समजू शकते. पण "मणका ढिला झालाय" एवढं ऐकून तू वाकायचंच सोडलंस, हे काही मला पटलं नाही. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, तेही गर्दीत उभ्याने, आणि घरी आल्यावर पाण्याच्या बादल्या. कंबर बोलणारच गं. म्हणून एका तपासणीत लागलेला निकाल कायमचा समजायचा का?

फिजिओने तुला टेबलाच्या काठावर पालथं झोपवून पाय जमिनीला टेकवायला सांगितलं, बरोबर? मग एकेक मणका दाबून पाहिला. जिथे दुखलं तिथेच, तू पाय उचलून धरल्यावर पुन्हा दाबलं. पाय उचलले की पाठीचे स्नायू आवळतात. तेव्हा दुखणं कमी झालं तर मणक्याला आधार कमी पडत असावा, असा त्याचा अर्थ लावतात. कल्पना चांगली आहे. प्रश्न एवढाच, की उद्या दुसऱ्या कुणी तुला तपासलं तर तेच निघेल का?

हे अभ्यासकांनी मोजून पाहिलंय. दोन तपासणाऱ्यांचं मत किती जुळतं त्याचा आकडा असतो: 1 म्हणजे पूर्ण जुळलं, 0 म्हणजे योगायोगाने जुळावं तेवढंच. 2003 मध्ये हिक्स आणि सहकाऱ्यांनी 63 रुग्णांवर पाहिलं, तेव्हा याच चाचणीला 0.87 मिळाले. 2013 मध्ये राबिन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मात्र ते 0.46 वर आले. नुसत्या बोटांनी मणका किती हलतो ते सांगण्यात तर हिक्स यांच्या अभ्यासातही मतं फारशी जुळली नव्हती.

त्यातल्या त्यात बऱ्या ठरल्या त्या दोन गोष्टी. पालथं झोपवून दोन्ही पाय एकदम हलकेच ओढत फूटभर उचलायचे. कंबरेत जोराची कळ आली आणि पाय खाली ठेवताच गेली, तर ती खूण धरतात. दुसरी म्हणजे तू पुढे वाकून परत कशी उठतेस: मध्येच अडकतेस का, मांड्यांवर हात टेकत वर येतेस का. राबिन यांच्या अभ्यासात या दोन्हींवर तपासणाऱ्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं. पण दोघांचं एकमत झालं म्हणजे निदान बरोबरच, असंही नाही. म्हणून दोन-तीन खुणा एकत्र मिळाल्या तरच त्याला वजन. वाकून काढलेल्या एक्स-रेचंही तसंच. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे मणकेही त्यात बरेच हललेले दिसतात.

तेव्हा पुढच्या वेळी फिजिओला सरळ विचार: "कोणकोणत्या चाचण्या केल्या? किती जुळल्या? आणि त्यावरून माझा व्यायाम काय बदलणार?" चांगला फिजिओ रागावणार नाही, समजावून सांगेल. वसईत किंवा विरारात दुसऱ्या कुणाला दाखवायचं ठरवलंस, तर पहिला निकाल आधी सांगू नकोस. मग कळेल, मतं खरंच जुळतात का.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधीरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली किंवा तापाबरोबर कंबर दुखू लागली, तर चाचण्यांची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठ. तसं काही नसेल तर अंथरुणाला खिळू नकोस. रोज थोडं चाल, सांगितलेला व्यायाम नेमाने कर आणि दोन आठवड्यांनी काय फरक पडला ते मला सांग. दुसरं मत घ्यायला जाशील तेव्हा मी येईन बरोबर.