घाटात तापणारी पिकअप आणि तिचा पंखा



बेळगावची भाजी गोव्याला जाते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. जांबोटी, कणकुंबी करत पिकअप गाड्या चोर्ला घाट उतरतात आणि भाजी टाकून परतताना रिकामे येणे परवडत नाही, म्हणून मिळेल ते भाडे घेऊन पुन्हा घाट चढतात. जुन्या डिझेल गाड्या तापतात त्या या परतीच्या चढावर. मग कोणी सांगतो, "मोठा पंखा बसवा", कोणी म्हणतो, "इलेक्ट्रिक पंखा लावा, डिझेलही वाचेल". पैसे घालण्याआधी हिशेब करून पाहू. नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रावर तो सुटतो.

केरीपासून घाटमाथ्यापर्यंतची चढण सुमारे ७०० मीटर धरू. गाडी आणि माल मिळून वजन ३ टन. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची : ३००० × १० × ७०० = २ कोटी १० लाख ज्यूल. एवढे काम इंजिनाने केलेच पाहिजे. पण डिझेलमधील सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोचत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश चाकाला मिळते, एक तृतीयांश सायलेन्सरच्या धुरातून जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरते. म्हणजे जेवढे काम, जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २ लाख ९४ हजार ज्यूल लागतात. भागाकार करा : एका चढणीत सुमारे ७० लिटर पाणी उकळीला येईल इतकी उष्णता! गाडीच्या रेडिएटर-इंजिनात मिळून पाणी असते दहा लिटरच्या आसपास. तेव्हा तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून फिरवावे लागते.

चढायला ४० मिनिटे लागली तर ही उष्णता सेकंदाला सुमारे ८,७५० ज्यूल होते, म्हणजे एक हजार वॉटच्या जवळजवळ नऊ इस्त्र्या सतत चालू. ती वाहून न्यायची हवेने. रेडिएटरमधून जाताना हवा २५ अंशांनी तापते असे धरले तर सेकंदाला सुमारे ३०० लिटर हवा लागते. दोनशे लिटरचे दीड बॅरल हवा, दर सेकंदाला.

ही हवा आणायची कोणी? सपाट रस्त्यावर ६०-७० च्या वेगाने जाताना समोरचा वाराच पुरतो, पंखा नसला तरी चालते. घाटात गाडी दुसऱ्या गियरमध्ये १५-२० च्या वेगाने चढते. त्यात आपल्याकडचा एक खास योग असा, की दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि गाडीही गोव्याकडून पूर्वेला निघालेली असते. वारा पाठीमागून आला की समोरून येणारी हवा जवळपास उरतच नाही. सगळा भार पंख्यावर पडतो.

बहुतेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये पंखा इंजिनाच्या बेल्टवरच फिरतो. इंजिन जोरात फिरले की पंखा जोरात. चढणीवर हे सोयीचे, कारण दुसऱ्या गियरमध्ये इंजिनाचे फेरे भरपूर असतात. पण गरज नसतानाही तो फिरतोच, आणि त्याची किंमत मोजावी लागते. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर हवा दुप्पट मिळते, पण लागणारी शक्ती आठपट होते. तिप्पट वेगाला सत्तावीसपट! एक हजार फेऱ्यांना ६० वॉट खाणारा पंखा तीन हजार फेऱ्यांना १,६२० वॉट खाईल. हमरस्त्यावर हे डिझेल फुकट जाते.

यावरचा चांगला उपाय म्हणजे व्हिस्कस फॅन. बेल्टचा आस आणि पंखा यांच्यामध्ये एक बंद डबी असते, तिच्यात दाट सिलिकॉन तेल. डबीच्या तोंडावर दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते, झडप उघडते आणि तेल अरुंद खाचांमध्ये शिरते. तेलाच्या चिकटपणामुळे पंखा आसाबरोबर ओढला जातो. हवा थंड झाली की तेल परत जाते आणि पंखा सैल पडतो. वीज नाही, वायर नाही. तुमच्या पुस्तकातली द्विधातू पट्टी गाडीत असे काम करते. मला स्वतःला हा पुर्जा फार आवडतो.

आता इलेक्ट्रिक पंखा. गाव-गर्दीत, गाडी उभी असताना, तो खरोखर उपयोगी, कारण इंजिन मंद असले तरी तो पूर्ण वेगाने फिरतो. पण घाटाचे काम करील असा मोठा पंखा २५ अँपिअरपर्यंत वीज ओढतो. जुन्या गाडीचा अल्टरनेटर समजा ४० अँपिअरचा. पावसाळी रात्र धरा : ५५ वॉटचे दोन हेडलाइट सुमारे ९ अँपिअर, वायपर ४-५, बाकीचे दिवे ३. बेरीज ४० च्या वर गेली. मंद इंजिनावर तर अल्टरनेटर अर्धीही वीज देत नाही. मग बॅटरी उतरते. शिवाय बारीक वायर वापरली तर धोका वेगळाच. विद्युतधारा दुप्पट झाली की तारेतील उष्णता चौपट होते, हा ज्यूलचा नियम इथे तार जाळून दाखवतो. जाड वायर, फ्यूज, रिले आणि तापमान पाहून चालू होणारा स्विच नसेल, तर असा पंखा बसवूच नये. रेडिएटरच्या पुढे जादा पंखा लावण्याचीही पद्धत आहे. तो बंद असताना स्वतःच हवेची वाट अडवतो, हे लक्षात घेत नाहीत.

माझे मत असे, की घाटात माल ओढणाऱ्या गाडीला बेल्टवरचा पंखाच ठेवावा, जमल्यास योग्य मापाच्या व्हिस्कस डबीसह. आणि त्याही आधी स्वस्तातली दोन कामे करावीत. पंख्याभोवतीचे कवच, ज्याला गॅरेजमध्ये काऊल म्हणतात, ते तुटले म्हणून काढून टाकलेले पुष्कळदा दिसते. काऊल नसले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी पात्यांच्या टोकांकडून इंजिनाजवळचीच गरम हवा फिरवत बसतो. दुसरे काम रेडिएटर धुण्याचे. जाळीत चिखल, भुसा, किडे बसतात. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने पाणी मारावे. जोराच्या धारेने पातळ पत्र्या वाकतात. आत बोअरचे पाणी घातल्यास क्षारांचा थर बसतो आणि थरातून उष्णता नीट जात नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर महाग वाटते, पण हेड गॅस्केट उडाले तर गाडी उभी राहते, भाडी बुडतात आणि हप्ता मात्र थांबत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही मिळतो. तो मानू नये. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जाते, आणि काही इंजिनांत पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच परत फिरू लागतो.

मुलांनो, एक सूचना कडक आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. कुकरप्रमाणेच दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वरही न उकळता राहते. झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन उसळते. इलेक्ट्रिक पंखा असलेल्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात दूर ठेवा.

घरी करण्यासाठी : गाडी पूर्ण थंड असताना, चावी काढून, मोठ्यांच्या समोर व्हिस्कस पंखा हाताने फिरवून पाहा. थोडा अडखळत फिरला तर ठीक. भिंगरीसारखा मोकळा सुटला किंवा अजिबात हलला नाही, किंवा डबीभोवती तेलाचे ओघळ दिसले, तर मिस्त्रीला दाखवा.

दहावीसाठी गणित : हीच गाडी रिकामी, १.६ टन वजनाची, घाट चढली तर पाण्यात उतरणाऱ्या उष्णतेने किती लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर जाईल? चढायला २५ मिनिटे लागली तर सेकंदाला किती लिटर हवा लागेल? एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.१५ किलोग्रॅम धरा. उत्तरे वहीत पायऱ्यांसह लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत.