पायउतार होताना

शास्त्रभाग : १ शमुवेल १२ वा अध्याय (सोबत १ शमुवेल ८:१-१८ व प्रेषितांची कृत्ये २०:१७-३८ वाचावे.)

सत्ता सोडणाऱ्या माणसाविषयी मराठीत 'पायउतार होणे' असा वाक्प्रचार आहे. उंच आसनावर बसलेल्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. तेथून तो उतरला की लागतात, एवढेच त्यात सांगितले आहे. तो चढला कसा, बसला किती दिवस, यांविषयी हा वाक्प्रचार मौन पाळतो. परंतु उतरताना माणूस जे बोलतो ते ऐकण्यासारखे असते. त्या घटकेला त्याच्यापाशी वाटण्यासारखे काही उरलेले नसते आणि ऐकणाऱ्यांना त्याचे भयही उरलेले नसते. पवित्र शास्त्रात अशी निरोपाची भाषणे बरीच आहेत. मोशे, यहोशवा, दावीद, पौल हे सर्व जाताना बोलले आहेत. त्यांपैकी शमुवेलाचे भाषण आज अभ्यासासाठी घेतले आहे. तत्पूर्वी आपल्या देशातील दोन प्रसंग पाहू.

११ एप्रिल १९९७ चा दिवस. मी त्या वेळी बंगळूर येथे धर्मविज्ञानाचा विद्यार्थी होतो. कर्नाटकाचा पहिला पंतप्रधान त्या दिवशी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाला सामोरा जात होता. हासन जिल्ह्यातील हरदनहळ्ळी या खेड्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेले श्री. एच. डी. देवेगौडा १ जून १९९६ रोजी तेरा पक्षांच्या संयुक्त आघाडीचे पंतप्रधान झाले होते. काँग्रेसचा पाठिंबा बाहेरून होता. ३० मार्च १९९७ रोजी काँग्रेसचे अध्यक्ष सीताराम केसरी यांनी तो काढून घेतला. ठरावाच्या बाजूने १५८ व विरुद्ध २९२ मते पडली, आणि दहा महिन्यांचे सरकार गेले.

त्या भाषणात देवेगौडांनी आपल्या सरकारच्या कामाचा हिशेब मांडला आणि पाठिंबा काढण्याचे कारण काय, असा काँग्रेसला सवाल केला. नशिबात असेल तर आपण याच धुळीतून पुन्हा उठू आणि या जागी परत येऊ, अशा आशयाचे उद्गारही त्यांनी काढले. आमच्या वसतिगृहाच्या खानावळीत हासनकडचे एक वृद्ध आचारी होते. त्या रात्री भांडी तशीच ठेवून ते बातम्या ऐकत बसले होते. "गौडांचे चुकले काय, ते तरी सांगा," असे ते आम्हा विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा विचारीत होते. आम्ही धर्मविज्ञान शिकणारी मुले. आघाड्यांच्या राजकारणावर आम्ही त्यांना भरपूर ऐकवले. त्यांच्या प्रश्नाला मात्र आमच्यापैकी कोणी उत्तर दिले नाही. देवेगौडा पुढे अनेकदा लोकसभेवर निवडून गेले, २०२० साली राज्यसभेतही गेले. पंतप्रधानपदी ते पुन्हा बसले नाहीत.

दुसरा प्रसंग महाराष्ट्रीय वाचकांच्या अधिक परिचयाचा आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल ज्या रीतीने बाजूला सारण्यात आले ते त्याचे सर्वांत जिव्हारी लागलेले कारण होते. त्याखेरीज अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळाच्या समित्यांपासून आपणास दूर ठेवणे, हीही कारणे त्यांनी नोंदविली. १० ऑक्टोबर रोजी संसदेत निवेदन करण्यास ते उभे राहिले, परंतु निवेदनाच्या वेळेवरून व त्याची प्रत आधी देण्यावरून पेच निर्माण झाला. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. प्रकृती बरी नसताना, प्रकृतीच्या कारणाने मी जात नाही, असे त्यांनी त्यात आवर्जून सांगितले आहे. आजारपणाची सबब पुढे केली असती तर सर्वांचीच सोय झाली असती. त्यांनी ती सोय कोणालाही करून दिली नाही.

हे दोन निरोप दोन तऱ्हांचे आहेत. माझा अपराध काय, असे एकात विचारले आहे. मी का जात आहे, हे दुसऱ्यात सांगितले आहे. दोन्ही प्रश्न न्याय्य आहेत. परंतु गिलगाल येथे वृद्ध शमुवेल लोकांपुढे उभा राहिला तेव्हा त्याने विचारलेला प्रश्न या दोहोंपेक्षा निराळा होता.

प्रसंग असा. लोकांनी राजा मागितला. शौलाची निवड झाली. अम्मोन्यांवर जयही मिळाला. आता शास्त्याचे काम संपले. पिकल्या केसांचा शमुवेल लोकांना विचारतो की, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला फसविले, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळ्यांवर कातडे ओढले, ते परमेश्वरासमक्ष सांगा. आणि शेवटी म्हणतो की, घेतले असेल तर मी ते परत करीन. (वचने मी आशयाने देत आहे, वाचकांनी शास्त्र उघडून ती मुळातून वाचावीत.)

येथे 'घेणे' या अर्थाचे 'लाकाह' हे इब्री क्रियापद तीनदा येते, आणि चौथ्या वचनात लोकांच्या उत्तरात पुन्हा एकदा. हे क्रियापद अगदी साधे, रोजच्या वापरातले आहे. पण आता आठव्या अध्यायाकडे चला. राजा आला की काय होईल, हे शमुवेल तेथे सांगतो. राजा तुमचे पुत्र घेईल, कन्या घेईल, शेते व द्राक्षमळे घेईल, दासदासी व गाढवे घेईल. ११, १३, १४ व १६ या चारही वचनांत तेच क्रियापद आहे. म्हणजे बाराव्या अध्यायातील प्रश्न केवळ स्वतःच्या प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र मागणारा नाही. जाणारा माणूस येणाऱ्या सत्तेच्या हाती मोजमाप देत आहे. भाषांतर करताना एका ठिकाणी 'घेणे', दुसरीकडे 'हिरावणे', तिसरीकडे 'नेणे' असे शब्द वापरले तर मराठी सजते खरी, पण हा धागा तुटतो. आम्हा भाषांतरकारांचा हा नेहमीचा मोह आहे.

मात्र हाच धागा शमुवेलाच्या घरातही जातो. आठव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात योएल व अबीया या त्याच्या पुत्रांनी लाच घेतली असे म्हटले आहे, आणि तेथेही क्रियापद 'लाकाह' हेच आहे. निरोपाच्या भाषणात शमुवेल त्यांच्याविषयी एवढेच म्हणतो की, माझे पुत्र तुमच्यामध्येच आहेत. पुढे एक शब्दही नाही. काही टीकाकार म्हणतात की, तो त्यांना सामान्य प्रजाजनांच्या रांगेत उभे करीत आहे. तसे असेलही. मला मात्र येथे एक बाप अडखळल्यासारखा वाटतो. लोकांनीही तो विषय काढला नाही. निरोपाच्या सभेत काही गोष्टी कोणीच काढीत नाही.

आता तिसऱ्या वचनातील एका पाठभेदाकडे वळू. लाच घेऊन डोळे झाकल्याचा जो उल्लेख आपण वाचतो तो प्रचलित इब्री पाठाप्रमाणे आहे. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्या जागी निराळेच आहे : मी कोणाकडून लाच किंवा एखादे पायताण घेतले आहे काय? माझ्याविरुद्ध साक्ष द्या. हे कसे घडले असावे? इब्री व्यंजनांत 'मी झाकीन' आणि 'पायतणांचा जोड' (नआलायिम) यांत जवळजवळ एकाच अक्षराचा फरक आहे. 'माझे डोळे' आणि 'साक्ष द्या' हे शब्दही योद व वाव या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांपुरते वेगळे आहेत. कोणत्या तरी नकलकाराची नजर चुकली. ती कोणत्या बाजूला, हे विद्वानांनी आपापल्या मताप्रमाणे ठरवावे. बेनसिरा ४६:१९ मध्ये शमुवेलाची स्तुती करताना पायतणांचा उल्लेख आहे, म्हणजे त्या लेखकालाही हा पाठ ठाऊक होता. माझे स्वतःचे मत पायतणांकडे झुकते. आमोस २:६ मध्ये गरिबाला पायतणांच्या जोडासाठी विकणाऱ्यांचा धिक्कार आहे, तेथे हाच शब्द आहे. बैलापासून पायतणापर्यंत खाली येणारा हा प्रश्न मला खरा वाटतो. कारण बैल कोणी घेतला हे गावाला दिसते. पायतण कोणी घेतले ते ज्याचे गेले त्यालाच ठाऊक असते.

'लाच' या शब्दासाठी येथे इब्रीत 'कोफेर' आहे. पुत्रांच्या बाबतीत वापरलेला शब्द 'शोहाद' हा निराळा आहे. कोफेर म्हणजे एखाद्याच्या जिवाबद्दल भरावयाची खंडणी. अपराध्याला मोकळे सोडण्यासाठी न्यायाधीशाच्या हाती ठेवलेली रक्कम, असा अर्थ येथे अभिप्रेत दिसतो. मराठीत 'लाच' या एका शब्दात दोन्ही बुडून जातात. त्याला इलाज नाही.

लोकांचे उत्तर झाल्यावर शमुवेल दोन साक्षी नेमतो : परमेश्वर आणि त्याचा अभिषिक्त. हा अभिषिक्त म्हणजे शौल, शमुवेलाच्या जागी आलेला माणूस. सरकारी कचेरीत पदभार देताना-घेताना दोघांच्या सह्या लागतात, तसाच हा प्रकार आहे. आपल्या मंडळ्यांत व संस्थांत जाणारे चिटणीस आणि येणारे चिटणीस एका टेबलाशी बसून किती वेळा हिशेबाच्या वह्या उघडतात, हे वाचकांना ठाऊक आहे. बहुधा हार घातले जातात आणि किल्ल्या नंतर कोणाच्या तरी हाती पाठविल्या जातात.

तेविसाव्या वचनात शमुवेल म्हणतो की, तुमच्यासाठी प्रार्थना करण्याचे थांबविले तर ते परमेश्वराविरुद्ध पाप ठरेल. पद गेले, हे काम गेले नाही. पुढे पंधराव्या अध्यायात त्याच शौलासाठी त्याने रात्रभर आक्रोश केला आहे. धुळीतून उठून आपण पुन्हा या आसनावर येऊ, असा विचार त्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही. आणि राजकारणी माणसाला तो शिवला तर त्यात नवल नाही, लोकशाहीत पुन्हा येण्याची वाट उघडीच असते. पौलही इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना आपण कोणाचे रुपे, सोने वा वस्त्र इच्छिले नाही असे सांगून आपले कष्टाचे हात दाखवितो, आणि मग गुडघे टेकून सर्वांबरोबर प्रार्थना करतो.

या अध्यायाशी माझा संबंध केवळ अभ्यासाचा नाही. एका बोलीभाषेतील नव्या कराराच्या भाषांतराचे समन्वयपद मी काही वर्षे सांभाळले. ते सोडण्याची वेळ आली तेव्हा निरोपसमारंभासाठी मी चार पानी भाषण लिहिले. किती पुस्तके पूर्ण झाली, किती कार्यशाळा झाल्या, असे सर्व त्यात होते. समारंभाच्या आदल्या रात्री, भाषणाला शोभेल असे वचन हवे म्हणून, मी १ शमुवेल १२ उघडला. परत करीन, या शब्दांपाशी मी थांबलो.

त्या बोलीचा आमचा शब्दसंग्रह ज्याच्यावर उभा होता, तो एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी जमविला होता. त्यांनी शेकडो शब्द, घरातल्या व रानातल्या नावांसह, पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्यांवर लिहून चपलांच्या जुन्या खोक्यात ठेवले होते. एका भेटीत त्यांनी ते खोके विश्वासाने माझ्या हाती दिले. नकल करून परत देतो, असे मी म्हणालो होतो. ग्रंथ छापला तेव्हा प्रस्तावना मी लिहिली. तिच्यात सल्लागारांची नावे आहेत, देणगीदारांचे आभार आहेत. गुरुजींचे नाव नाही. मुद्दाम वगळले असे म्हणवत नाही. पाने वाढत होती आणि ते दूर होते. दरम्यान ते प्रभूमध्ये निजले. खोके माझ्या कपाटातच होते.

दुसऱ्या दिवशी मी ती चार पाने वाचली नाहीत. जे घडले ते उभे राहून सांगितले. सभा अवघडली, अध्यक्षांनी विषय हळूच चहापानाकडे वळविला. पुढच्या आठवड्यात बंगळूरहून दोन गाड्या बदलून मी गुरुजींच्या गावी गेलो. त्यांच्या कन्येने खोके उघडले, वरच्या काही चिठ्ठ्या वाचल्या, आणि म्हणाली, "पाटीवर तुम्ही आलात तेव्हा बाबांनी मला हे अक्षर दाखवून सांगितले होते, हे आता छापून येणार." मग तिने पुढील आवृत्ती कधी निघणार, असे विचारले. तो निर्णय आता माझ्या हाती नव्हता. माझ्या जागी आलेल्या बंधूंना मी पत्र लिहिले आहे, आणि त्याची एक प्रत तिच्याकडे ठेवली आहे.