शनिवारी संध्याकाळी निघू नकोस

अगं छोटी, दुचाकी घ्यायची म्हणतेस तर घे. आलापल्लीहून आष्टी, गोंडपिपरी, कोठारी करत चंद्रपूर गाठायचं, आणि एसटीच्या वेळा तुझ्या कामाच्या वेळांशी जुळत नाहीत, हे मला कळतं. पण शनिवारी काम आटोपलं की लगेच निघायचं, हे जे तू मनात धरलंयस ना, ते सोड.

नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो. म्हणजे पुढचा सगळा जंगलातला रस्ता दिव्याच्या उजेडात. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत तो सेकंद सरलेला असतो. मग थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर, तेही रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर. समोरून ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर आला की चाळीस मीटर पुढचं काय दिसणार? ४० च्या वेगात हेच अंतर जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून अंधारात सापडलीसच तर काटा चाळिशीच्या वर जाऊ देऊ नकोस. मागचा हॉर्न वाजवतोय? वाजवू दे. बाजूला हो, त्याला जाऊ दे.

वाघाची भीती सगळ्यांना वाटते. मला रानडुकराची जास्त वाटते. चितळाचे डोळे दिव्यात चमकतात, डुकराचे तसे चमकत नाहीत. काळ्या डांबरावर ते काळं अंग गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसतं. एक ओलांडून गेलं म्हणून वेग वाढवायचा नाही, मागून पिल्लं येत असतात. चितळांचंही तसंच, एकामागे कळप असतो. रोही तर धडकला की घोड्याशी टक्कर झाल्यासारखंच. मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचायला निघालेल्या बायका रस्त्याच्या कडेनं चालत असतात, त्यांचीही आठवण ठेव. धान कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, हे धरूनच चाल.

आलापल्ली-आष्टी पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, आणि इकडे बल्लारपूरकडे कोळशाचे. ट्रकच्या डाव्या बाजूनं कधीही घुसू नकोस. तिथे तू ड्रायव्हरला दिसतच नाहीस. बंद पडलेल्या ट्रकमागे लोक दगड आणि फांद्या ठेवतात, ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल तर पुढच्याची गाडी गेली म्हणून आपली घालायची नाही. पाण्याखाली रस्ता उरलाय की वाहून गेला, हे वरून कळत नाही.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच घे, आणि पट्टा लावून घाल. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीला उडून जातं. आत जाड स्टोल गुंडाळून वर हेल्मेट चढवतात ना मुली, तसं करू नकोस. ते डोक्यावर नीट बसत नाही. ओढणीची टोकं आत खोचून घे, चाकात जाण्याइतकं काहीही मोकळं नको. काच पारदर्शकच घे, काळी काच रात्री घात करते. मागे मैत्रीण बसणार असेल तर तिच्यासाठीही दुसरं हेल्मेट हवं, कायदा मागच्यालाही सोडत नाही.

कुणी रस्त्यात पडलेलं दिसलं तर थांब. १०८ लाव. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांत नाव सांगायची सक्ती नाही, मोटार वाहन कायद्याच्या २०२० च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. रेंज नसेल तर येणाऱ्या एसटीला हात दाखव, ड्रायव्हर-कंडक्टरच्या हाती निरोप दे. पण जखमीच्या डोक्यातलं हेल्मेट ओढून काढू नकोस, मानेला इजा असू शकते.

आता राहिली आई. ती दर शनिवारी पोळ्या करून वाट पाहणार आणि दर अर्ध्या तासाला फोन करणार. तो फोन उचलायचा म्हणून एका हातानं गाडी चालवशील, किंवा आई जागी असेल म्हणून घाई करशील. मी तिच्याशी बोलते. तू दर आठवड्याला येऊच नकोस. महिन्यातून दोनदा ये, एखादी रजा जोडून ये. रविवारी चांगलं उजाडल्यावर निघ, निघताना एक फोन कर आणि गोंडपिपरीला चहाला थांबलीस की दुसरा. मधे आम्ही कुणी फोन करणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवते.