हातोडा पडण्याआधी : ऑनलाइन लिलावातली बोली

(सभासद शिक्षण)



यंदा गळीत हंगाम आटोपल्यावर आपली अभ्याससहल रायगडला गेली. मुक्काम पायथ्याच्या पाचाडला होता. १७ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, जिजाऊसाहेबांनी इथेच देह ठेवला. समाधीचे दर्शन घेऊन आम्ही कोटातल्या विहिरीजवळ सावलीत बसलो. गप्पा निघाल्या त्या मात्र लिलावाच्या. निमित्त झाले आपल्याच एका तरुण सभासदाचे.

जप्त झालेला एक जुना ट्रॅक्टर ऑनलाइन लिलावात निघाला होता. याने ३२,००० रुपये अनामत भरली. बोली लावायची होती ३ लाख ३० हजारांची, पण मोबाइलवर घाईत बोट चुकले आणि ३ लाख ८० हजार गेले. "फोन करून बोली मागे घेतो म्हटलं, तर कुणी ऐकेना," तो म्हणाला. लिलाव त्याच्याच नावावर सुटला. पन्नास हजार जादा कुठून आणायचे? ट्रॅक्टर राहिला, अनामतही बुडाली. ऐकणारे सगळेच गप्प झाले. चूक कुणाची? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेणे आपल्या सर्वांच्या हिताचे आहे.

कायदा काय म्हणतो? १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ६४ फक्त लिलावाबद्दल आहे. हातोडा पडला, किंवा रिवाजाप्रमाणे विक्री जाहीर झाली, की सौदा पुरा. तोपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. बोली म्हणजे नुसता प्रस्ताव. समोरच्याने स्वीकारला तरच करार. ऑनलाइन लिलावात हातोडा म्हणजे घड्याळ.

मग आपला गडी का अडकला? कारण अनामत भरताना त्याने अटी मान्य केल्या होत्या. 'लावलेली बोली मागे घेता येणार नाही, घेतल्यास अनामत जप्त' अशी अट बहुतेक जाहिरातीत असते. हरियाणा राज्य विरुद्ध मलिक ट्रेडर्स या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती योग्य ठरवली. म्हणजे माघार घेता येते, पण तिची किंमत मोजावी लागते.

बँकेने जप्त केलेले घर किंवा गाळा घेताना तर जास्त जपावे. बोली मान्य झाली की किमतीचा चौथा हिस्सा त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावा लागतो. बाकीची रक्कम साधारण पंधरा दिवसांत. ती चुकली तर चौथा हिस्सा जप्त होऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा "कर्ज मंजूर होईलच" या भरवशावर बोली लावू नका.

आता दुसरी बाजू. विकणाऱ्यालाही बंधने आहेत. आधी जाहीर न करता त्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावणे बेकायदा आहे. किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लावली असेल, तर घेणाऱ्याला सौदा रद्द करता येतो. आणि घेणाऱ्यांनी "तू हा घे, मी तो घेतो" असे आपसात ठरवून भाव पाडणे हे २००२ च्या स्पर्धा कायद्याने निषिद्ध केले आहे. हे आपल्याला परके नाही. आपला कारखाना साखर, मळी, भंगार टेंडरने विकतो. तिथे घेणाऱ्यांनी साटेलोटे केले, किंवा बोली लावून कुणी पाठ फिरवली, तर तूट अखेर उसाच्या दरात येते. जे आपल्याला सोसवत नाही ते आपण दुसऱ्याला करू नये, एवढेच.

शेवटच्या मिनिटाला बोली लावणे गैर नाही, तो डावपेच झाला. पण बऱ्याच लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटे वाढतो. त्यामुळे घाईचा फायदा कमी आणि बोट चुकण्याचा धोका जास्त.

लक्षात ठेवावे :

१. अटी मराठीत समजावून घ्या, मगच अनामत भरा.
२. माल डोळ्यांनी पाहा. थकबाकी, कर, कागदपत्रे तपासा.
३. आपली वरची मर्यादा घरी कागदावर लिहा, घरच्यांना दाखवा, आणि ती ओलांडू नका.
४. आकडा टाकल्यावर शून्ये मोजा, अक्षरी वाचा, मग बटण दाबा.
५. चूक झालीच तर लिलाव संपण्याआधी, तत्काळ आणि लेखी कळवा. फोनवर विसंबू नका.

गटात चर्चेसाठी : बोली मागे घेतली तर नुकसान कुणाचे? आपले, विकणाऱ्याचे, की आपल्यामुळे हरलेल्या तिसऱ्याचे?

परतीच्या गाडीत तो तरुण म्हणाला, "बत्तीस हजारांची शिकवणी झाली माझी." तुमची आमची ती या पानावर फुकटात व्हावी, म्हणून त्याच्या परवानगीने हे लिहिले.