वेळणेश्वरात एम फाइव्ह रोज चालवायची तर

प्रश्न : मी मूळचा वेळणेश्वरचा. बरीच वर्षं आखातात नोकरी केली, आता गावी कायमचा आलोय. धंदा चिपळूणला आहे, त्यामुळे रोज जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. तिकडे असताना बीएमडब्ल्यूची एम फाइव्ह बघून ठेवली होती, ती मनातून गेली नाही. आता मुंबईत 2018 सालची एक 75 लाखांत मिळतेय. पैसे साठवलेले आहेत, कर्ज काढायचं नाही. मुलगा म्हणतो, पेट्रोलच परवडणार नाही. बायको म्हणते, घ्यायचीच तर रोज वापरा, शेडमध्ये शोभेला ठेवू नका. अशी गाडी रोज चालवायला वर्षाला खरा खर्च किती येतो?
— एक वाचक, वेळणेश्वर, ता. गुहागर

उत्तर : घरातला वाद पेट्रोलवरून आहे, म्हणून आधी तो मिटवू. वर्षाला तुमचे 25 हजार किलोमीटर होतील. शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर हा रस्ता वळणांचा आणि चढ-उतारांचा असला तरी मोकळा आहे. तिथे ही गाडी लिटरला आठ देईल असं धरतो. मुंबईच्या सिग्नलवर तीच पाचावर येते. म्हणजे 3,125 लिटर, आणि लिटरला 105 रुपये धरले तर वर्षाला 3 लाख 28 हजार. लिटरला वीस देणाऱ्या छोट्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी 1 लाख 31 हजार लागतात. फरक दोन लाखांचा. रक्कम लहान नाही, पण 75 लाखांची गाडी घेणाऱ्याचं गणित या दोन लाखांवर अडत नाही. शिवाय रोज सलग पन्नास किलोमीटर धावणं इंजिनाला मानवतं. तेल पुरतं तापतं, आतली ओल उडून जाते. शहरात रोज दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीपेक्षा तुमचं इंजिन सुखात राहील.

खरा खर्च दुसरीकडे आहे. ही गाडी फेब्रुवारी 2018 मध्ये भारतात आली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत 1 कोटी 43 लाख होती. तुम्ही ती 75 लाखांत घ्याल, पण तिचे पार्ट 75 लाखांच्या गाडीच्या भावाने मिळणार नाहीत. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते; तिच्या टर्बोची, सस्पेन्शनच्या आर्मची, हेडलाइटची उतरत नाही, उलट दरवर्षी थोडी चढते. निम्म्या किमतीत गाडी घेतली म्हणजे खर्चही निम्मा होईल, या समजुतीवरच बहुतेक जण फसतात.

त्या मूळ किमतीत आपल्याकडच्या करांचा वाटा मोठा आहे. सचिन तेंडुलकरची फेरारी आठवत असेल. 2002 मध्ये त्याने ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली. गाडीची किंमत 75 लाखांच्या घरात, आणि तिच्यावरची कस्टम ड्युटी सुमारे 1 कोटी 13 लाख. ड्युटी माफ करण्यावरून देशभर वाद झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. पूर्ण तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाड्यांवर आजही शंभर टक्क्यांच्या पुढे आयात कर आहे. त्यावर जीएसटी 40 टक्के. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी सेससकट तो पन्नासपर्यंत जायचा. वर महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स. हे सगळं पहिल्या मालकाने भरलंय, तो तुमचा फायदा. पण गाडी एमएच पासिंगची आहे ना, ते बघा. दिल्ली पासिंगच्या अशा गाड्या स्वस्त दिसतात. एनओसी आणून रत्नागिरीत एमएच 08 चा नंबर घेताना इथला टॅक्स पुन्हा भरावा लागतो. त्याच 22 सप्टेंबरपासून पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हा मात्र सगळ्यांनाच खरा दिलासा आहे.

आता टायर. या गाडीच्या मागच्या टायरचा साइझ 285/35 आर 20. यातला 35 हा आकडा तुमच्या रस्त्यासाठी महत्त्वाचा. टायरची भिंत रुंदीच्या 35 टक्के, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम 100 मिलीमीटर रबर. जुन्या ऑल्टोचा टायर 145/80 आर 12 आहे, त्याची भिंत 116 मिलीमीटर. म्हणजे जवळजवळ दोन टनांची, सहाशे अश्वशक्तीची गाडी ऑल्टोपेक्षा पातळ गादीवर चालते. श्रावणात रस्त्यावर पाणी असतं तेव्हा खड्डा दिसत नाही; त्यात चाक आपटलं की टायरला फुगा येतो नाहीतर अलॉय वाकतो, आणि फुगा आलेला टायर बदलण्यावाचून इलाज नसतो. एका टायरला 40 ते 70 हजार. या गाड्यांचं रबर पकडीसाठी मऊ ठेवलेलं असतं, त्यामुळे तुमच्या वापराला वर्षात चारही टायर संपतील. दोन लाख धरा. बऱ्याच परफॉर्मन्स गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चरचं किट असतं; फाटलेल्या टायरला त्याचा काही उपयोग नाही. मार्गताम्हान्याला टायर फुटला तर त्या साइझचा टायर चिपळुणात तयार मिळेल या भरवशावर राहू नका.

इथे वेळणेश्वरचा प्रश्न येतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकाच वेळी बुक केल्या, त्याची देशभर बातमी झाली. एका शहरात इतक्या गाड्या असल्या की त्यांच्यामागोमाग मेकॅनिक येतात, स्कॅनर येतात, पार्टांचा साठा येतो. तुमच्या पंचक्रोशीत ही एकच गाडी असेल. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तर ती कंपनीच्या स्कॅनरला जोडेपर्यंत नेमकं काय बिघडलंय हे सांगणारं जवळ कोणी नसेल. मग फ्लॅटबेड बोलवायचा आणि कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडे, नाहीतर महामार्गाने मुंबईकडे. वर्कशॉपमध्ये बिल 20 हजारांचं होईल, पण ने-आणीला तेवढेच लागतील आणि आठ-दहा दिवस गाडी दारात नसेल. रोजच्या गाडीचं हे दुखणं पैशांत पुरतं मोजता येत नाही. त्या दिवसांत तुम्ही चिपळूणला कशाने जाणार? म्हणजे दुसरी गाडी घरात लागतेच.

समुद्राचंही ऐका. तुमचं घर किनाऱ्यापासून किती आत आहे ते पत्रात नाही, पण वेळणेश्वरात खारा वारा सगळीकडे पोचतो. एक रात्र पाऊस पडून गेला की सकाळी ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी थर दिसतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकांना खरखर होते आणि तो पुसला जातो. रोजच्या वापराने हा गंज साफ होतो, आणि वहिनींचा मुद्दा एवढ्यापुरता अगदी बरोबर आहे. पण इंटरकूलर आणि रेडिएटर बंपरमागे, वाऱ्याच्या तोंडावरच असतात, त्यांच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीत मीठ बसतं. वायरिंगच्या जोडांत हिरवट बुरा येतो. आणि या गाडीत जोड फार आहेत. दर आठवड्याला गोड्या पाण्याने खालून धुवायची, हा नियमच करा.

जयगडला जायचं झालं तर तवसाळच्या जेटीवरून फेरीबोट तुम्हाला जवळची. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीच्या फळीचा चढ बदलतो. स्विफ्ट, बोलेरो सहज चढतात. या गाडीचं पोट जमिनीपासून 130 मिलीमीटरच्या आतच आहे आणि नाक पुढे लांब. ओहोटीला फळी तिरपी झाली की बंपरची खालची कडा घासणार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकरची उंची 10 सेंटिमीटर, आणि तोही 3.7 मीटर रुंद, सावकाश चढणारा हवा. गावोगावी रातोरात घातलेले अरुंद उंचवटे हे मानक बघून घातलेले नसतात. बंपर घासण्याचा खर्च मी हिशेबात धरलाच आहे.

आणि गाडी माडाखाली लावू नका. हे हसण्यावारी नेऊ नका. या एम फाइव्हचं छप्पर कार्बन फायबरचं आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. पत्र्यावर नारळ पडला तर डेंटिंगवाला ठोकून सरळ करतो. कार्बन फायबर ठोकता येत नाही, तडा गेला की अख्खं छप्पर बदलायचं. अ‍ॅल्युमिनियमला वेगळी हत्यारं आणि वेगळा हात लागतो, तो गावच्या गॅरेजमध्ये नसतो. आगराच्या बाहेर, पत्र्याची का होईना, पण हवा खेळती राहील अशी शेड बांधा. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ओल कोंडते आणि लेदरवर आठवड्यात बुरशी धरते. उंदरांसाठी पिंजरा ठेवा. पावसाळ्यात त्यांना बॉनेटखालची ऊब आवडते आणि दातांखाली वायरिंग येतं.

विमा म्हणजे सगळं सुरक्षित, असं समजू नका. 1500 सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 7,897 रुपये आहे, तो किरकोळ. मुख्य हप्ता गाडीच्या ठरवलेल्या किमतीवर; दीड लाख धरा. पण पाच-सात वर्षांच्या पुढच्या गाडीला बहुतेक कंपन्या झिरो-डेप देत नाहीत. मग दाव्यात प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टांतून 40 टक्के कापले जातात. बंपर प्लॅस्टिकचाच असतो. चिपळूणला रोज जाणार आहात, तेव्हा 22 जुलै 2021 चा पूर विसरू नका. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि रस्त्यावर, तळमजल्यात उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाण्यात उभ्या गाडीचं इंजिन सुरू करायचा प्रयत्न केला आणि सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. ती मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन घ्या. आणि पाणी चाकाच्या वर गेलं असेल तर चावीला हात लावू नका, सरळ उचलून न्या.

आता बेरीज. हे माझे अंदाज आहेत, पण हात आखडून केलेले नाहीत. पेट्रोल 3 लाख 30 हजार, टायर दोन लाख, सर्व्हिस आणि ब्रेक अडीच लाख (इंजिनात दहाएक लिटर तेल लागतं, त्यावरून ओळखा), विमा दीड लाख. वॉरंटी संपलेल्या गाडीच्या अचानक निघणाऱ्या कामांसाठी चार लाख बाजूला. आणि घसारा दहा लाख. हा शेवटचा आकडा सगळ्यात मोठा, पण त्याची पावती फाडली जात नाही म्हणून घरातल्या वादात तो येतच नाही. अशा गाड्या बाजारात कमी चाललेल्या असतात. वर्षाला 25 हजार टाकले की चार वर्षांनी तुमचं मीटर बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट असेल आणि गिऱ्हाईक तिथेच थांबेल. एकूण 23 लाखांच्या पुढे, किलोमीटरला नव्वदहून जास्त. वेळणेश्वर-चिपळूण-वेळणेश्वर अशी एक फेरी नऊ हजारांवर, आणि त्यात पेट्रोल फक्त तेराशेचं. छोट्या गाडीने हीच फेरी सगळं धरून हजाराच्या आसपास पडते.

माझं मत विचाराल, तर गाडी घ्या. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट आहे आणि पैसे कष्टाचे, स्वतःचे आहेत. ती नको म्हणणारा मी कोण? गाडीही तशीच आहे. पावसाळा सरल्यावर कुंभार्लीच्या वळणांवर ती काय करते, ते सांगून कळत नाही. पण चिपळूणच्या रोजच्या फेऱ्यांना हॅचबॅक ठेवा. एम फाइव्ह दिवाळी ते मृग अशी चालवा, वर्षाला सहा हजार किलोमीटर, आठवड्यातून एकदा तरी पूर्ण तापेपर्यंत. नुसती जागेवर चालू ठेवून उपयोग नाही. अशा वापराला तिचा वर्षाचा खर्च 13 लाखांच्या आसपास आणि हॅचबॅकचा अडीच, म्हणजे रोजच्या वापरापेक्षा सात-आठ लाख कमी. पावसाळ्यात शेडमध्ये बॅटरीला ट्रिकल चार्जर लावून ठेवा.

सौदा करण्याआधी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या, विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजात नको. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागा, चारही टायरांच्या बनावटीची तारीख बघा. मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा काय दिलीय तेही वाचा, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत हे महत्त्वाचं ठरतं. मुंबईची गाडी आहे, तेव्हा ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला गढूळ रेघ दिसली, किंवा सीटखालच्या रुळांवर गंज दिसला, तर ती गाडी पाण्यात बुडून आलेली आहे. मग भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका.