प्रबंध तयार आहे, पण मांडता येत नाही

प्रश्न : मी वडगाव निंबाळकरची. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील क्षारपड जमिनींवर पीएच.डी. करते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. शोधनिबंध लिहिताना आणि सादरीकरणात अडखळते. काय करू?

उत्तर : ताई, ही उणीव तुमच्या बुद्धीची नाही, प्रशिक्षणाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार कोणत्याही शाखेच्या पीएच.डी. विद्यार्थ्याला अध्यापन आणि लेखनाचे प्रशिक्षण मिळायला हवे. ते आपल्या संशोधन केंद्राकडे हक्काने मागा.

सराव आजच सुरू करा. आधी पाच वाक्ये मराठीत लिहा : प्रश्न काय, तो महत्त्वाचा का, पद्धत कोणती, काय आढळले, त्याचा उपयोग काय. मग तीच सोप्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडा. हाच तुमच्या गोषवाऱ्याचा सांगाडा. निबंध लिहिताना आधी तक्ते आणि आलेख पक्के करा, त्यावरून निष्कर्ष लिहा, प्रस्तावना शेवटी.

बोलण्यासाठी क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली प्रबंध-सादरीकरणाची स्पर्धा पाहा : एकच स्लाइड, तीन मिनिटे, श्रोते विषयाबाहेरचे. मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःचे बोलणे ऐका. इंग्रजी उच्चारांची धास्ती नको. मुद्द्यांचा क्रम स्पष्ट असला की परीक्षक समजून घेतात.

आणि निष्कर्ष गावातल्या ऊस उत्पादकांना मराठीत जरूर सांगा. त्यांचे प्रश्न तोंडी परीक्षेची उत्तम तयारी करून घेतील. ज्यांच्या जमिनीवर संशोधन झाले, त्यांना ते कळलेच पाहिजे.