आम्ही, ते आणि आपण : एकधर्मीय शाळा व परधर्माचे आकलन

प्रास्ताविक

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये त्याचा समावेश होतो. या भेदाच्या आधारे प्रस्तुत पाठात एक सामाजिक प्रश्न तपासावयाचा आहे : एकाच धर्माच्या वा पंथाच्या मुलांमध्ये शिकलेल्या मुलाला परधर्म कसा कळतो?

उदाहरण : उत्तर आयर्लंड

उत्तर आयर्लंडमध्ये बहुतेक कॅथलिक मुले कॅथलिक शाळांत, तर बहुतेक प्रोटेस्टंट मुले मुख्यतः प्रोटेस्टंट वस्ती असलेल्या सरकारी शाळांत शिकत आली आहेत. दोन्ही समूह ख्रिस्तीच. धर्मशिक्षणाचा गाभा-अभ्यासक्रमही चार प्रमुख चर्चनी एकत्र येऊन ठरवलेला. तरीही दुरावा टिकून राहिला आणि तो भाषेतही उमटला. इंग्रजी वर्णमालेतील आठव्या अक्षराचा उच्चार परंपरेने कॅथलिक मुले ‘हेच’ असा करतात, प्रोटेस्टंट मुले ‘एच’ असा. एकाच शहराला कोणी ‘डेरी’ म्हणतो, कोणी ‘लंडनडेरी’. असा एखादा शब्द कानी पडताच बोलणाऱ्याचा पंथ ताडला जातो. त्याचे म्हणणे त्यानंतर ऐकले जाते.

माहिती आणि आकलन

यावरून काय लक्षात येते? परधर्माची माहिती पुस्तकातून मिळू शकते. परंतु ती तृतीयपुरुषी असते. ‘ते उपवास करतात’, ‘ते मूर्ती मानत नाहीत’ अशा विधानांतील ‘ते’ला अपवाद नसतात. वर्गसोबती मात्र उलट उत्तर देतो : ‘आमच्या घरी तसे नाही.’ त्या एका वाक्याने मुलाला परधर्मातील अंतर्गत विविधता कळते. सोबत्याने विचारलेल्या प्रश्नामुळे स्वतःच्या धर्माकडेही तो नव्याने पाहू लागतो.

केवळ एका बाकावर बसणे मात्र पुरेसे नसते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की, समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा असेल, तर संपर्काने पूर्वग्रह कमी होतात. १९८१ मध्ये, संघर्षाच्या ऐन काळात, बेलफास्टमध्ये पालकांच्या पुढाकाराने लॅगन कॉलेज ही एकात्म शाळा अवघ्या २८ मुलांनिशी सुरू झाली. पुढे अशा शाळा वाढल्या; पण आजही तेथील बहुसंख्य मुले त्यांच्याबाहेरच शिकतात.

दुसरी बाजू

एकधर्मीय शाळा द्वेष शिकवते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अल्पसंख्य समाजाला अशी शाळा आत्मसन्मान व परंपरेचा आधार देते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० नेही अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. शिवाय घरे आणि वस्त्याच वेगळ्या असतील, तर दोष एकट्या शाळेचा नसतो. मात्र वस्ती, घर आणि शाळा तिन्ही ठिकाणी ‘आम्ही’च भेटत असू, तर ‘आपण’ म्हणण्याचा सराव मुलाला कोठे मिळणार?

सारांश

परधर्माविषयीचे ज्ञान आणि परधर्मीयाशी संवाद या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकधर्मीय शाळा पहिली गोष्ट देऊ शकते. दुसरीसाठी तिला जाणीवपूर्वक दार उघडावे लागते.

स्वाध्याय

१. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. माहिती व आकलन यांतील फरक उत्तर आयर्लंडच्या आधारे सांगा.
३. तुमच्या बोलण्यात एखाद्या समाजाविषयी ‘ते’ केव्हा येते, याची आठवडाभर नोंद ठेवा व तिचे विश्लेषण करा.